साहित्याभ्यासातील मूलभूत संज्ञा : अर्थ, इतिहास आणि उपयोजन

१. प्रास्ताविक

‘प्रस्तुत कवितेत कवीने प्रतिमा आणि प्रतीके यांचा प्रभावी वापर केला आहे’ अशा धर्तीचे वाक्य मराठीच्या उत्तरपत्रिकांत वारंवार भेटते. हे वाक्य चुकीचे असते असे नाही. परंतु ते कोणत्याही कवितेविषयी लिहिता येते आणि म्हणूनच समोरच्या कवितेविषयी त्यातून काहीच कळत नाही. संज्ञा वापरली गेली, पण तिने काम केले नाही, असा हा प्रकार आहे. साहित्याच्या अभ्यासात संज्ञांची व्याख्या पाठ असणे आणि संज्ञा कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

कोणतीही वाङ्मयीन संज्ञा ही मुळात एखाद्या प्रश्नाला कोणे एके काळी दिल्या गेलेल्या उत्तराची खूण असते. काही विशिष्ट साहित्यकृती समोर ठेवून, काही विशिष्ट गरजेपोटी ती घडविलेली असते. तो प्रश्न विसरला गेला की मागे केवळ नाव उरते आणि विद्यार्थी ते नाव कोणत्याही कृतीला चिकटवू लागतो. मराठी साहित्यविचारातील संज्ञांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण त्या एकाच घराण्यातील नाहीत. संस्कृत काव्यशास्त्र, इंग्रजीवाटे आलेली पाश्चात्त्य समीक्षा आणि मराठीची स्वतःची ग्रांथिक व मौखिक परंपरा अशा तीन ठिकाणांहून त्या आल्या आहेत. यांतील तिसऱ्या परंपरेला अभ्यासक्रमात सर्वांत कमी जागा मिळते. घाटकोपर, कांजूरमार्ग, भांडुप या मुंबईच्या पूर्व उपनगरांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची कुटुंबे गिरण्या-कारखान्यांच्या निमित्ताने कोकणातून वा घाटावरून आलेली आहेत. नमन, जाखडी, शाहिरी कवने, जात्यावरच्या ओव्या हे प्रकार त्यांच्या घरांना परके नाहीत. तरीही वर्गात शिकलेली परिभाषा आणि घरात ऐकलेले वाङ्मय यांची गाठ क्वचितच पडते. प्रस्तुत लेखात काही मूलभूत संज्ञांचा अर्थ व इतिहास पाहून, अखेरीस याच परिसराशी नाते असलेल्या एका शाहिरी रचनेच्या संदर्भात त्यांचे उपयोजन तपासले आहे.

२. ‘वाङ्मय’ आणि ‘साहित्य’

हे दोन शब्द आज बहुधा पर्यायाने वापरले जातात. मात्र त्यांची दृष्टी एक नाही. ‘वाङ्मय’ म्हणजे वाणीने युक्त असे सर्व काही. या अर्थाने वैद्यकावरचा ग्रंथ, बखर, पत्रव्यवहार आणि कविता ही सारीच वाङ्मयात येतात. म्हणूनच केवळ कलात्मक लेखनाविषयी बोलताना ‘ललित वाङ्मय’ किंवा ‘विदग्ध वाङ्मय’ असे विशेषण जोडण्याची गरज भासली. ‘साहित्य’ या शब्दाच्या मुळाशी ‘सहित’ असण्याची कल्पना आहे. शब्द आणि अर्थ यांचे सहभावाने नांदणे म्हणजे काव्य, हा भामहाचा विचार प्रसिद्धच आहे. पुढे कुंतकाने या सहभावाचा अधिक बारकाईने विचार केला. शब्द आणि अर्थ यांपैकी कोणीही दुसऱ्याहून उणे पडू नये, अशी त्यातील अपेक्षा आहे.

मराठीत मात्र ‘साहित्य’ शब्दाचा दुसरा एक अर्थ नित्याच्या व्यवहारात जिवंत आहे. पूजेचे साहित्य, स्वयंपाकाचे साहित्य असे म्हणताना आपल्याला सामग्री अभिप्रेत असते. एक शब्द सहभाव सुचवितो आणि सामग्रीही सुचवितो. ‘आशय’ आणि ‘अभिव्यक्ती’ यांची फारकत करून, आशय म्हणजे सामग्री व अभिव्यक्ती म्हणजे तिची मांडणी असे जे उत्तरपत्रिकांतून लिहिले जाते, त्यात संस्कृत संकल्पनेतील सहभावच हरवलेला असतो.

३. वाङ्मयप्रकारांची नावे

वाङ्मयप्रकाराचे नाव हे तटस्थ नसते, याचे उत्तम उदाहरण ‘कादंबरी’ हे होय. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यकाव्याच्या नायिकेचे, आणि त्यामुळे त्या कृतीचे, हे विशेषनाम. मराठीने (आणि कन्नडनेही) ते एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम करून टाकले. हाच प्रकार बंगालीत व हिंदीत ‘उपन्यास’, तर गुजरातीत ‘नवलकथा’ म्हणून ओळखला जातो. एकाच पाश्चात्त्य प्रकाराला भारतीय भाषांनी दिलेली ही भिन्न नावे त्या त्या भाषेने त्या प्रकाराकडून काय अपेक्षिले हे सांगतात. ‘कादंबरी’ या नावाने अद्भुतरम्य प्रणयकथेची अपेक्षा जागी केली. ‘मुक्तामाला’ (१८६१) सारख्या कृती त्या अपेक्षेत बसतात. परंतु तिच्याआधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली होती आणि तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा होता. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) इतिहासाकडे वळणारी वाट दाखविली. भालचंद्र नेमाडे यांनी या तीन कृतींच्या नावांनीच मराठी कादंबरीतील तीन प्रवृत्ती ओळखल्या, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. परक्या परंपरेतील ‘वास्तववाद’, ‘स्वच्छंदतावाद’ ही नावे आयती न घेता मराठीतील कृतींपासून संज्ञा घडविण्याचा तो प्रयत्न होता.

चौदा ओळींच्या इंग्रजी काव्यप्रकाराचे मराठी नामकरणही बोधप्रद आहे. केशवसुतांनी त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले. पुढे रविकिरण मंडळाच्या काळात ‘सुनीत’ हे नाव रूढ झाले. पहिले नाव ओळी मोजते. दुसरे इंग्रजी उच्चाराशी जवळीक साधून ‘चांगल्या रीतीने नेलेले’ असा अर्थही सुचविते; म्हणजे त्याचे लक्ष रचनेच्या वळणाकडे आहे. ओळींची संख्या मोजून सुनीत ओळखणारा विद्यार्थी नकळत जुन्या नावाच्याच पातळीवर राहतो. पहिल्या भागातील विचाराला दुसऱ्या भागात कोणती कलाटणी मिळते, हा सुनीतासंबंधीचा खरा प्रश्न आहे.

स्वतःच्या आयुष्यासंबंधीच्या लेखनाला मराठीत किती नावे आहेत हे पाहिले म्हणजे संज्ञेमागील ताण अधिक स्पष्ट होतो. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या ग्रंथाला ‘आत्मवृत्त’ म्हटले. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) असे नाव दिले, तर लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’. ‘चरित्र’ हा शब्द थोरांच्या जीवनाशी जोडलेला होता. या दोघी लेखिकांच्या ग्रंथनामांत तो नाही, आणि रमाबाईंच्या शीर्षकात तर ‘माझ्या’ नसून ‘आमच्या’ आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) अशी पुस्तके आल्यावर ‘आत्मचरित्र’ ही संज्ञा अपुरी ठरली. येथे सांगणारा एक असला तरी सांगितले जाते ते एका समूहाचे जगणे. शिवाय यांतील काही लेखन आयुष्याच्या अखेरीस मागे वळून केलेले नाही; ते संघर्षाच्या मध्यावर केलेले आहे. त्यातून ‘आत्मकथन’ ही संज्ञा पुढे आली. बौद्ध विचारात आत्म्याची कल्पना नाकारलेली असल्याने ‘स्वकथन’ हा शब्द अधिक योग्य, अशीही भूमिका घेतली गेली. हा वाद शब्दांपुरता आहे असे समजणे चूक ठरेल. कोणाच्या जगण्याला ‘चरित्र’ म्हणायचे, हा प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

४. अनुवादित संज्ञा : ‘शोकान्तिका’, ‘शोकात्मिका’ आणि ‘भावविरेचन’

परभाषेतील संज्ञेचा अनुवाद करणे म्हणजे तिचा एक अर्थ निवडणे. ग्रीक नाट्यप्रकाराला मराठीत ‘शोकान्तिका’ आणि ‘शोकात्मिका’ अशी दोन नावे मिळाली. ‘शोकान्तिका’ शेवटावर बोट ठेवते. ‘शोकात्मिका’ नाटकाच्या आत्म्याकडे निर्देश करते. अॅरिस्टॉटलने ज्या नाटकांचा विचार केला त्यांत युरिपिडीसचे, टॉरिस येथील इफिजेनियावरचे नाटकही होते. त्यात बहिणीच्या हातून भावाचा बळी जाण्याची वेळ येते, परंतु ओळख पटते आणि अनर्थ टळतो. हे नाटक ‘शोकान्तिका’ या नावात बसत नाही. ‘शोकात्मिका’ म्हटल्यास त्याचा विचार करता येतो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा (१९७०) अभ्यास करतानाही हाच भेद उपयोगी पडतो. गणपतराव बेलवलकरांच्या मृत्यूपाशी थांबणारे विवेचन शोकान्तिकेचे होते. सर्वस्व देऊन टाकण्याच्या पहिल्याच निर्णयात त्यांच्या स्वभावाचे मोठेपण आणि अंधत्व एकत्र कसे आले आहे, हे तपासले तर ते शोकात्मिकेचे होते.

शोकात्मिकेच्या परिणामासाठी अॅरिस्टॉटलने योजिलेल्या संज्ञेला मराठीत ‘भावविरेचन’ हा प्रतिशब्द रूढ आहे. विरेचन हे आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एक. शरीरातील दोष बाहेर काढण्याचा तो उपचार. हा शब्द स्वीकारताच करुणा आणि भय हे जणू साठलेले विकार असून नाटक त्यांचा निचरा करते, असा अर्थ पक्का होतो. मूळ ग्रीक शब्दाचे ‘शुद्धीकरण’ आणि ‘विशदीकरण’ असेही अर्थ लावले गेले आहेत. पहिल्या अर्थी भावना निर्मळ होतात, दुसऱ्या अर्थी त्या प्रेक्षकाला नीट उमगतात. अॅरिस्टॉटलने या संज्ञेचा ‘काव्यशास्त्रा’त खुलासा केलेला नाही, त्यामुळे वाद खुला आहे. मराठी प्रतिशब्द मात्र तो मिटल्यासारखा भास निर्माण करतो.

५. एक शब्द, अनेक अर्थ : ‘रूपक’ आणि ‘लय’

‘रूपक’ या शब्दाचे किमान तीन वाङ्मयीन अर्थ मराठी विद्यार्थ्यासमोर येतात. नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे रंगमंचावर सादर होणारी कृती. धनंजयाच्या ‘दशरूपका’त अशा दहा प्रकारांचे विवेचन आहे. अलंकारशास्त्रात उपमेय आणि उपमान यांचा अभेद म्हणजे रूपक. आणि एकनाथांच्या भारुडांसारख्या रचनांत वरवरच्या कथेखाली दुसरा अर्थ सलगपणे वाहत असतो, तेव्हा त्यालाही रूपक म्हटले जाते. उपमेत दोन गोष्टींतील साम्य सांगितले जाते व त्या दोन्ही वेगळ्या राहतात. रूपकात एक गोष्ट दुसरीच होऊन जाते. हा भेद परीक्षेपुरता नाही, हे पुढील उदाहरणात दिसेल.

‘प्रतिमा’ आणि ‘प्रतीक’ यांचाही येथेच विचार करावा. इंद्रियसंवेद्य अनुभव शब्दांतून जागा करते ती प्रतिमा. प्रतीक स्वतःपलीकडच्या अर्थव्यूहाकडे निर्देश करते आणि बहुधा पुनरुक्तीने किंवा परंपरेने ते सामर्थ्य मिळविते. प्रत्येक प्रतिमा प्रतीक नसते. पिंपात मेलेल्या उंदरांची मर्ढेकरांची प्रतिमा प्रथम उंदरांचीच आहे, हे मान्य केल्यावाचून तिच्या व्यापक अर्थाकडे जाता येत नाही.

‘लय’ या संज्ञेचा घोटाळा याहून मोठा आहे. संगीतात लय म्हणजे गती. पद्यात ती उच्चारणातील आवर्तनाशी निगडित असते. बा. सी. मर्ढेकरांनी मात्र ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) लय ही संज्ञा सौंदर्याच्या संघटनेचे तत्त्व म्हणून वापरली आणि संवाद, विरोध व समतोल असे तिचे नियम सांगितले. कादंबरीची लय असे मर्ढेकरांच्या परिभाषेत म्हणता येते. ती मोजून दाखविता येत नाही. त्यामुळे ‘मर्ढेकरांच्या मते कवितेला लय हवी’ असे वाक्य लिहिणारा विद्यार्थी दोन भिन्न संज्ञांची सरमिसळ करीत असतो.

पद्यरचनेपुरते बोलायचे तर माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’ने स्पष्ट केलेला भेद आजही पायाभूत आहे. लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो ते वृत्त; उदाहरणार्थ, चार ‘य’ गणांचे, बारा अक्षरांचे भुजंगप्रयात. मात्रांची संख्या व आवर्तन ठरलेले असते ती जाति. उदाहरणार्थ, सोळा मात्रांचे पादाकुलक. अक्षरांची संख्या प्रमाण असते तो छंद. सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांच्या चरणांचा मोठा अभंग हे त्याचे परिचित उदाहरण. ओवी येथे आपली खास अडचण निर्माण करते. ग्रांथिक ओवीत अक्षरसंख्या लवचीक आहे आणि जात्यावरच्या ओवीला तर गळ्याच्या चालीवाचून पूर्णत्वच नाही. ‘चाल’ हा आपल्या गेय परंपरेतील महत्त्वाचा शब्द आहे. परंतु छंदःशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला संज्ञेचा मान अभावानेच मिळतो.

६. उपयोजन : एक छक्कड

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे बरेच आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत गेले. कांजूरमार्ग तेथून रेल्वेने दोन स्थानकांवर आहे. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून महाराष्ट्रभर पोहोचली. छक्कड हा लावणीशी नाते असलेला शाहिरी गेय प्रकार होय. गावी पत्नीला सोडून पोटासाठी मुंबईत आलेला कष्टकरी येथे बोलतो. तिच्या रूपाचे, ताटातुटीचे वर्णन करतो, मुंबईतील श्रीमंती आणि दैन्य पाहतो आणि अखेरीस भाषिक राज्याच्या लढ्याकडे येतो. वर चर्चिलेल्या संज्ञा या रचनेवर काय प्रकाश टाकतात?

प्रथम रसाचा विचार करू. संस्कृत काव्यशास्त्रानुसार हा विप्रलंभ शृंगार, आणि त्यातही ‘प्रवास’ या कारणाने घडलेला. ‘मेघदूता’तील यक्षाचा विरहही याच वर्गात येतो. वर्गीकरण अचूक आहे, पण येथेच थांबल्यास रचनेचा गाभा निसटतो. यक्षाला शापाने दूर धाडले, आणि त्या शापाला मुदत होती. येथील नायकाला गरिबीने दूर धाडले आहे, आणि तिची मुदत कोणी सांगू शकत नाही. रसाची संज्ञा भावनेला नाव देते; भावनेचे सामाजिक कारण हाच जेव्हा रचनेचा विषय असतो तेव्हा तिला पूरक संज्ञांची गरज भासते. दलित साहित्याच्या संदर्भात शरणकुमार लिंबाळे प्रभृतींनी रसव्यवस्थेच्या अपुरेपणाविषयी जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे एक मूळ येथे दिसते. तरीही रससंकल्पना निरुपयोगी ठरत नाही, कारण शृंगाराची परंपरा ठाऊक असल्याखेरीज शाहिराने तिला दिलेले वळण कळणार नाही.

दुसरा मुद्दा रूपकाचा. ‘मैना म्हणजे महाराष्ट्र’ असे या रचनेचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. रचना नीट ऐकली तर असे आढळते की शाहीर मैनेला महाराष्ट्र करीत नाही. गावातल्या पत्नीची भेट नाही आणि खंडित राहिलेल्या महाराष्ट्राचीही तीच अवस्था आहे, असे तो उघड साम्य सांगतो. म्हणजे येथे अभेद नाही, दोन स्थितींमधील सादृश्य आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत हे उपमेच्या अंगाने जाणारे आहे. या बारीक भेदाने मोठा फरक पडतो. रूपक मानले की ती बाई नाहीशी होते आणि फक्त प्रदेश उरतो. सादृश्य मानले की दोन्ही दुःखे आपापल्या जागी राहतात आणि एकमेकांना बळ देतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले; बेळगाव-कारवारचा भाग मात्र बाहेर राहिला. गावी राहिलेल्या स्त्रियांचा विरहही राज्यस्थापनेने संपला नाही. म्हणूनच राजकीय प्रसंग मागे पडल्यानंतरही ही छक्कड ऐकली जाते.

तिसरा मुद्दा निवेदकाचा. ‘मी’ म्हणणारा हा कष्टकरी आणि शाहीर अण्णा भाऊ यांची गल्लत करू नये, हा पाठ कथात्म साहित्यातून आपण शिकतो. स्वतः अण्णा भाऊ वाटेगावहून मुंबईत आले होते, हे खरे असले तरी तो भेद राखला पाहिजे. परंतु शाहिरी रचनेत आणखी एक व्यक्ती असते : गाणारा. अमर शेखांच्या पहाडी आवाजात जेव्हा हे कवन उभे राहत असे, तेव्हा तो ‘मी’ समोर बसलेल्या हजारो कामगारांचा होत असे. छापील पानासाठी घडलेल्या ‘निवेदक’ या संज्ञेत गाणाऱ्याची आणि झील धरणाऱ्या साथीदारांची सोय नाही. ती करावयाची तर सादरीकरणाचा विचार संहितेच्या विचारात मिळवावा लागेल. याच संज्ञेने आणखी एक प्रश्न विचारता येतो. येथे बोलतो तो पुरुष. मैना बोलत नाही. तिचे बोलणे शोधायचे तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते. मुंबईला गेलेल्या धन्याविषयी तेथे स्त्रीच निवेदक असते, आणि तिला ऐकायला बहुधा जात्याची दुसरी जोडीदारीण असते. ही दोन रूपे शेजारी ठेवून अभ्यासण्याजोगी आहेत.

७. समारोप

भाषा संचालनालयाने साहित्यसमीक्षेचा परिभाषा कोश सिद्ध केला आणि २००१ मध्ये ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ उपलब्ध झाला. त्यामुळे व्याख्यांची उणीव आता फारशी जाणवू नये. उणीव आहे ती संज्ञा कृतीवर तपासून पाहण्याच्या सवयीची. वर्गात कोणतीही संज्ञा शिकविताना तीन प्रश्न सोबत ठेवता येतील. ही संज्ञा कोणत्या परंपरेतून आली? ती कोणत्या कृतींच्या अभ्यासातून घडली? समोरच्या कृतीतील कोणती गोष्ट ती उजेडात आणते आणि कोणती झाकून ठेवते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर विद्यार्थ्याला स्वतःच, कृती पुन्हा वाचून अथवा ऐकून शोधावे लागेल.

‘विप्रलंभ’ हा शब्द आणि गावी राहिलेल्या माणसांची घरात ऐकलेली गोष्ट या दोन वेगळ्या जगांतील वस्तू आहेत, असे विद्यार्थ्याला वाटत राहिले तर परिभाषा त्याच्यासाठी परकीच राहील. त्या शब्दाने ती गोष्ट अधिक नेमकी सांगता येते, आणि त्या गोष्टीने शब्दाची मर्यादाही दाखविता येते, हे एकदा अनुभवास आले की उत्तरपत्रिकेतील ते सर्वत्र चालणारे वाक्य लिहिण्याची गरज उरणार नाही.